छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये उन्हापासून बचाव, नक्की काय घ्यावं?

खालचा_पंख

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं-चौघं मिळून एक लो-विंग चार सीटर विमान वापरतो, वरती मोठी गोलसर कॅनॉपी (कॉकपिटचं पारदर्शक छत) आहे, दिसतं एकदम झकास पण ऊन सरळ डोक्यावर येतं. वरच्या बाजूला पंख नाही त्यामुळे सावली अशी कुठेच नाही. दोन तासाचं फ्लाइट झालं की डावा दंड आणि मानेची डावी बाजू लाल होते, टॅबलेट मधेच तापून बंद पडतो, आणि संध्याकाळी सूर्यासमोर लँडिंग आलं की रनवे जवळपास दिसतच नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण बाकीचा नुसता त्रास आहे पण हा सेफ्टीचा प्रश्न आहे.

बघतोय ते असं: गाडीच्या काचेला लावतात तसली सक्शन कपवाली जाळी, नुसती चिकटणारी काळी फिल्म (गोंद नसलेली), हाताने फिरवता येणारा हिरवट पारदर्शक वायझर, आणि पार्किंगला असताना आतून लावायचा चमकदार शेड. शिवाय एक चांगला पोलराइज्ड गॉगल घ्यायचा विचार आहे कारण गाडी चालवताना त्याचा खूप फरक पडतो. आमच्यातला एकजण म्हणतो सरळ कॅनॉपीला टिंट मारून घेऊ, एकदाच खर्च आणि कायमचा निकाल. मला ते जरा धोक्याचं वाटतंय पण नक्की का ते सांगता येत नाहीये. ज्यांनी हे सगळं वापरलंय त्यांनी प्लीज सांगा, काय घेऊ आणि काय नको.

डावी_सीट_उजवी_सीट

शिकवणं हेच माझं काम त्यामुळे दिवसभर कॉकपिटमध्येच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट डोक्यात वेगळी करा. डोळे दिपणं, त्वचा भाजणं आणि केबिन तापणं हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक एकच वस्तू आणून तिन्ही सोडवायला बघतात, तिथेच पैसे वाया जातात. काळी फिल्म लावली म्हणून केबिन थंड होईल असं नाही, आणि भारी गॉगल घातला म्हणून दंड भाजायचा थांबत नाही. माझा क्रम असा: आधी अंगावर काय घालायचं ते ठरवा, मग काढता-लावता येणारं काय ते बघा, आणि कॅनॉपीवर कायमचं काही करायचा विचार सोडूनच द्या.

आता गॉगल. पोलराइज्ड नको. गाडीत तो छान वाटतो कारण ओल्या रस्त्यावरची चमक तो खातो, पण विमानात तीच चमक आपल्याला हवी असते, लांबच्या विमानाच्या पंखावर ऊन लकाकलं की तिथे ट्रॅफिक आहे हे आधी कळतं. दुसरं म्हणजे स्क्रीन. एलसीडीचा प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो, त्यामुळे मान थोडी कलली की डिस्प्ले काळा किंवा रंगीबेरंगी दिसायला लागतो. तिसरं, ॲक्रिलिकमध्ये जिथे ताण असतो तिथे इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात आणि नजर सारखी तिकडेच जाते. अमेरिकेच्या एफएएचं (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) पायलट लोकांसाठी गॉगलवर एक माहितीपत्रक आहे त्यातही पोलराइज्ड वापरू नका असंच सांगितलंय. दिसणारा प्रकाश ७० ते ८५% अडवणारी आणि रंग न बदलणारी काच घ्या. करडा रंग मला सगळ्यात बरा वाटतो कारण लाल-हिरवे दिवे आहेत तसेच दिसतात, तपकिरी पण चालतो, पण पिवळे आणि निळा प्रकाश अडवणारे झगमगीत रंग नको.

उन्हात आपोआप काळे होणारे चष्मे बरेच जण सुचवतील. बाहेर ते मस्त चालतात पण कॉकपिटमध्ये नीट काळे होत नाहीत, कारण ते यूव्ही किरणांवर चालतात आणि त्यातला बराचसा भाग विंडशील्डच अडवतं. शिवाय तापलेल्या केबिनमध्ये ते आणखी कमी गडद होतात. म्हणजे जिथे हवं तिथेच ते अर्धवट.

ग्रेडियंट काच मिळाली तर जरूर बघा, वर गडद आणि खाली फिकी, म्हणजे बाहेर बघताना आराम आणि खाली पॅनल बघताना अंधार नाही. आणि गॉगलच्या दांड्या पातळ हव्यात. जाड दांडी असली की हेडसेटचा कुशन कानावर नीट बसत नाही, आवाज आत येतो, आणि तासाभराने कानशिलं ठणकायला लागतात. गॉगल घ्यायला जाल तेव्हा हेडसेट बरोबर न्या आणि दोन्ही घालून दहा मिनिटं बसून बघा. दुकानदार काय म्हणेल याचा विचार करू नका, तास तास घालून बसायचं तुम्हालाच आहे.

हँगरमधला_पाना

मी विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे. वरच्यांनी गॉगलचं सगळं बरोबर सांगितलं, मी फक्त काचेबद्दल लिहितो, कारण तुमच्या मित्राचं टिंटचं वाचून राहवलं नाही.

आपण सगळे काच म्हणतो पण ती काच नाही, ॲक्रिलिक आहे, म्हणजे प्लास्टिक. गाडीच्या काचेला जे चालतं ते इथे चालत नाही. गोंदवाली फिल्म लावली की गोंदातली रसायनं आणि फिल्मखाली साठणारी उष्णता मिळून ॲक्रिलिकमध्ये बारीक बारीक तडे पाडतात, आम्ही त्याला क्रेझिंग म्हणतो. सावलीत बघितलं तर दिसतही नाही, आणि सूर्य समोर आला की सगळे तडे एकदम चमकून उठतात आणि समोरचं काहीच दिसत नाही. म्हणजे ज्या त्रासासाठी टिंट लावायचा तोच त्रास दुप्पट होऊन परत येतो, आणि तो पुसून जात नाही, कॅनॉपीच बदलावी लागते. शिवाय सर्टिफाइड विमानात असा कायमचा बदल मंजुरीशिवाय करताच येत नाही. विमान जिथे रजिस्टर आहे तिथले नियम आणि विमानाचं मॅन्युअल दोन्ही बघा. मित्राला समजवा, प्लीज.

नुसत्या चिकटणाऱ्या फिल्मबद्दल माझं मत मधलं आहे. उडताना तेवढ्यापुरता छोटा तुकडा लावला आणि उतरल्यावर काढून ठेवला तर हरकत नाही. पण त्या बऱ्याचदा मऊ पीव्हीसीच्या असतात आणि त्यातली रसायनं ॲक्रिलिकला मानवत नाहीत, म्हणून उन्हात पार्क करून दिवसच्या दिवस तशीच चिकटलेली ठेवू नका. लावायच्या आधी तिथली धूळ काढा, नाहीतर फिल्म सरकवताना पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. सक्शन कपचं पण तेच, उडून झालं की काढा. एकाच जागी महिनोन्‌महिने ओढून धरलेला कप तिथे गोल डाग सोडतो. आणि पारदर्शक कप उन्हात भिंगासारखं काम करू शकतो, तेव्हा विमान उन्हात सोडून जाताना तो काचेवर राहिला नाही ना ते बघा.

फिरवता येणारा वायझर चांगला आहे, पण घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे त्याच्या क्लिपमध्ये किंवा सांध्यात लोहचुंबक नको, कारण कंपास बहुतेक विमानांत तिथेच वरती मधोमध असतो आणि चुंबक जवळ आला की तो काहीही दाखवायला लागतो. लावल्यावर वायझर वर करून, खाली करून, दोन्हीकडे कंपास बघा. दुसरं म्हणजे कॅनॉपी उघडताना-मिटताना तो कशात अडकता कामा नये. तुमची कॅनॉपी पुढे उघडते का मागे सरकते त्याप्रमाणे तपासा, बाहेर पडायच्या वाटेत काहीही आडवं नको.

पार्किंगचा चमकदार शेड. यावर हँगरमध्ये रोज वाद होतात. आतून लावलेला शेड ऊन परत फेकतो हे खरं, पण शेड आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये उष्णता कोंडते आणि काच दोन्ही बाजूंनी तापते. म्हणून तुमच्या मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस लेटरमध्ये (विमान कंपनीच्या सूचनापत्रात) आतल्या शेडबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. मी स्वतः बाहेरून घालायच्या कव्हरच्या बाजूचा आहे कारण ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच थांबतं. फक्त कव्हर आतून मऊ हवं, काच धुऊन मगच घालायचं, आणि पट्टे घट्ट हवेत. सैल कव्हर वाऱ्यात फडफडत राहिलं तर खालच्या धुळीने एका मोसमात कॅनॉपीची वाट लागते.

आणि तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न, सूर्यासमोरचं लँडिंग. अर्धा त्रास सूर्याचा नसतो, काचेचा असतो. मळकट किंवा ओरखडलेल्या काचेवर ऊन पडलं की सगळीकडे पांढरं धुकं पसरतं. कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी काच नीट स्वच्छ करा. आधी भरपूर पाणी ओता, मग हातातली अंगठी काढून उघड्या हाताने हळू चोळा म्हणजे खडा लागला तर बोटाला कळतो, मग सौम्य साबण, आणि शेवटी मऊ स्वच्छ सुती कापड किंवा मायक्रोफायबर. हात वर-खाली सरळ फिरवा, गोल गोल नको. गोल ओरखडे पडले की सूर्याभोवती कडं तयार होतं. अमोनियावाले घरगुती ग्लास क्लीनर, ॲसिटोन, पेट्रोल, कागदी टॉवेल यातलं काहीही काचेला लावू नका.

थर्मल_शोधतोय

मी ग्लायडरवाला, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणारा. आमच्या डोक्यावर पूर्ण कॅनॉपी आणि फ्लाइट चार-पाच तासाचं, त्यामुळे ऊन हा आमचा रोजचा विषय.

टोपीबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बेसबॉल कॅप बरेच जण घालतात आणि सूर्य समोर खाली असताना तिची चोच खरंच कामाची आहे, पण तीच चोच वरचं अर्धं आकाश झाकते. थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) वर खाली इतर ग्लायडर असतात तेव्हा ते आम्हाला परवडत नाही, आणि तुमच्या लो-विंगमध्ये पण पॅटर्नमध्ये (रनवेभोवतीच्या ठरलेल्या घेऱ्यात) वळताना वर बघायला लागतंच की. आम्ही मऊ, लहान काठाची कापडी टोपी घालतो, काठ वाकतो, हेडसेटखाली दबतो, कान आणि मान पण झाकली जाते. कॅपच घालायची असेल तर डोक्यावरचं ते बटण कापून टाका. हेडसेटचा पट्टा त्यावर बसला की डोकं दुखतं, आणि जोराच्या धक्क्यात डोकं वर आपटलं तर बटण डोक्यात पण घुसतं आणि कॅनॉपीला पण तडा जाऊ शकतो.

चिकटणाऱ्या फिल्मबद्दल हँगरवाल्यांशी मी थोडा असहमत आहे. म्हणजे सावधगिरी सगळी मान्य, पण त्यांनी ती जितकी बाजूला ठेवली तितकी ठेवू नये. तळहातापेक्षा थोडा मोठा तुकडा, सूर्य जिथे आहे बरोबर तिथे लावायचा आणि वळलं की काढून दुसरीकडे. पूर्ण बाजू झाकणारी मोठी फिल्म मला मुळीच पटत नाही कारण लांबचं विमान म्हणजे एक ठिपका असतो आणि गडद फिल्ममागे तो ठिपका गायब होतो. लहान तुकड्याने फक्त सूर्य झाकायचा, आकाश नाही. आणि तो तुकडा विंडशील्डच्या मधल्या भागात कधीच नको. गाडीवाली जाळी पण नको, डोळा जाळीवरच फोकस होतो आणि पलीकडचं निसटतं.

त्वचेचा_डॉक्टर_पायलट

व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ, आणि सुट्टीत उडतो. दंड लाल होतो हे वाचून लिहावंसं वाटलं.

ॲक्रिलिक यूव्ही-बी (त्वचा लवकर भाजणारे किरण) जवळपास सगळं अडवतं, पण यूव्ही-ए (त्वचेत खोलवर जाणारे किरण) किती अडवेल ते त्या शीटवर अवलंबून असतं, कुठे खूप आत येतं कुठे कमी. जिथे उघडी खिडकी किंवा हवेची झडप आहे तिथून दोन्ही येतात. वर गेलं की किरण वाढतात, साधारण दर १००० मीटरला १० ते १२%, म्हणजे ८००० फुटांवर जमिनीपेक्षा पाव हिस्सा जास्त धरून चाला. खाली ढगांचा पांढरा थर असेल तर त्यावरून परत येणारं वेगळं. ताज्या बर्फावरून तर ८०% पर्यंत परत फिरतं, म्हणजे तुमच्या टोपीच्या खालून हनुवटीवर.

२०१५ मध्ये जामा डर्मटॉलॉजीत एक छोटा अभ्यास आला होता, एका सिंगल इंजिन टर्बोप्रॉपच्या कॉकपिटमध्ये प्रत्यक्ष मोजणी केलेली. ३०,००० फुटांवर सुमारे ५७ मिनिटांत पायलटला जेवढं यूव्ही-ए मिळालं तेवढं टॅनिंग बेडवर २० मिनिटांत मिळतं. तुम्ही इतक्या वर जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण यूव्ही-एमुळे त्वचा लगेच लाल होत नाही आणि म्हणून माणूस बेफिकीर राहतो, हे मला रोज दिसतं. तुमचा दंड लाल होतोय म्हणजे त्याच्या किती तरी आधीपासून नुकसान चालू आहे.

सनस्क्रीन घेताना फक्त एसपीएफचा आकडा बघू नका, तो मुख्यतः यूव्ही-बीचा आहे. ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं हवं. उडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दोन तासांनी परत. कपाळावर पातळ लोशन नको, घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि अप्रोचवर (उतरायला येताना) डोळे चुरचुरणं ही नको असलेली भानगड आहे, तिथे स्टिक वापरा. नाक, मानेची मागची बाजू, हाताचा मागचा भाग विसरू नका, थ्रॉटलवरचा (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) आणि योकवरचा (विमानाचं स्टिअरिंग) हात सतत उन्हातच असतो. हात पुसून मगच काचेला किंवा टचस्क्रीनला लावा. किडे पळवणारं डीईईटीवालं औषध लावलेला हात तर प्लास्टिकला अजिबात लावू नका, ते प्लास्टिक विरघळवतं. आणि उंचावर ऑक्सिजन वापरत असाल तर तेलकट क्रीम, पेट्रोलियम जेलीवाला लिप बाम हे तोंडाजवळ नको. ऑक्सिजनजवळ तेल म्हणजे आगीचा धोका.

पण खरं विचाराल तर मला क्रीमपेक्षा लांब बाहीचा शर्ट जास्त आवडतो, तो दोन तासांनी परत लावावा लागत नाही. यूपीएफ ५० कापड म्हणजे किरणांचा पन्नासावा भाग फक्त आत. घट्ट विणीचा सुती शर्ट मिळाला तर उत्तम, कारण आग लागलीच तर सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. नुसत्या वेगळ्या बाह्या मिळतात त्या पण चालतील, पण कशाच्या आहेत ते बघून घ्या. एकच बघा, कडक पांढरा शर्ट असेल तर त्याचं प्रतिबिंब विंडशील्डमध्ये दिसतं, फिकट करडा किंवा खाकी बरा.

खालचा_पंख

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. टिंटवाल्याला हे सगळं वाचायला पाठवलं, तो गप्प झालाय. पोलराइज्डचा विचार रद्द, करडा ग्रेडियंट बघतो.

दोन गोष्टी राहिल्या. मागच्या सीटवर मुलं बसतात, त्यांच्या बाजूला जाळी लावली तर चालेल का? आणि टॅबलेटचं काय करू?

हँगरमधला_पाना

मागच्या खिडक्यांना काढता येणारी जाळी चालेल, पायलटला मागे-बाजूला बघताना जो भाग लागतो तो सोडून. टेकऑफ-लँडिंगला काढून ठेवा. मागचा दरवाजा किंवा खिडकी बाहेर पडायची वाट असेल तर तिथे काहीही अडकवू नका, मुलांना अंधारात घाईत ते सुटणार नाही. धातूचा मुलामा असलेली चमकदार शीट उडताना नकोच, टॅबलेटचा जीपीएस सिग्नल कमी होऊ शकतो.

टॅबलेट. आयपॅडला कंपनीनेच ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरायचं सांगितलंय, आणि कॅनॉपीखाली पार्क केलेल्या विमानात त्यापेक्षा किती तरी जास्त होतं. जाड काळं कव्हर काढा, चार्जिंग लागलं तरच लावा कारण त्यानेही तापतो, ब्राइटनेस गरजेपुरता ठेवा, आणि माउंट असा लावा की मागून हवेच्या झडपेचा वारा लागेल. उडायच्या आधी ग्लेअरशील्डवर (पॅनलच्या वर, काचेखालच्या कडेवर) ठेवून प्रीफ्लाइट तपासणी करत बसू नका, तो तिथेच अर्धा भाजून निघतो. आणि दुसरं काहीतरी सोबत पाहिजेच, कागदी नकाशा किंवा फोन, सावलीत ठेवलेला. पार्किंगला मी पॅनलवर एक जाड सुती कापड टाकतो, एव्हिऑनिक्सला (पॅनलवरच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना) ऊन लागत नाही. पण ते काढणं चेकलिस्टमध्ये लिहून टाका.

डावी_सीट_उजवी_सीट

लँडिंगचं राहिलंय ते सांगतो. गॉगल आणि वायझर असले तरी क्षितिजाला टेकलेला सूर्य रनवेच्या टोकाला असेल तर कुठलीही वस्तू पुरी पडत नाही, कारण जिथे बघायचंय तिथेच सूर्य आहे आणि तो झाकला तर रनवे पण झाकला जातो. म्हणून प्लॅनिंग करतानाच सूर्यास्ताची वेळ आणि रनवेची दिशा बघा. वारा हलका असेल आणि ट्रॅफिक परवानगी देत असेल तर उलट्या दिशेचा रनवे मागा, पण टेलविंड (मागून येणारा वारा) मॅन्युअलच्या मर्यादेत हवा. नाहीतर वीस-तीस मिनिटं आधी या किंवा सूर्य पूर्ण बुडाल्यावर या, उजेड पुरेल आणि तुम्हाला रात्रीची परवानगी-सराव असेल तर. फायनलवर (रनवेच्या सरळ रेषेत उतरताना) रनवेची बाजूची कड पकडा, थेट टोकाकडे बघू नका, आणि फ्लेअरच्या (टेकायच्या आधी नाक उचलायच्या) आधी रनवे हरवला तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर, तिथे विचार करत बसू नका. बेसवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) असतानाच वायझर आणि फिल्म जिथे हवी तिथे करून घ्या, फायनलवर हात त्यात गुंतलेला नको. आणि ढगाखाली शिरलात किंवा संधिप्रकाश झाला की गॉगल काढायची सवय लावा, डोळे सरावतात आणि आपण अंधारात उडतोय हे लक्षातच येत नाही.

थर्मल_शोधतोय

आणि पाणी. कॅनॉपीखाली घाम वाळून जातो म्हणून तहान कळत नाही, डोकं जड झालं की माणूस गॉगलला दोष देतो. बाटली हाताशी ठेवा, मागच्या सीटवर नको. जमिनीवर टॅक्सी करताना काही कॅनॉप्यांना थोडी फट ठेवून लॉक करायची सोय असते, ती असेल तर वापरा, फक्त टेकऑफच्या आधी पूर्ण बंद करून लॉक हाताने ओढून बघा.